वेदनेचे साहित्य आणि मनाचा आजार

दलित साहित्याविषयी लिहिताना आपल्याकडे 'वेदना' हा शब्द जितका वापरला गेला तितका दुसरा कोणताही शब्द क्वचितच वापरला गेला असेल. वेदना, नकार आणि विद्रोह ही त्रयी आता पाठ्यपुस्तकात जाऊन बसली आहे. बी.ए.चा विद्यार्थी पाच गुणांच्या टिपेत ती लिहितो आणि गुण मिळवतो. परंतु ही वेदना अंगात कोठे मुरते, असा प्रश्न आपल्या समीक्षेने क्वचितच विचारला. भुकेची वेदना आपण ओळखली. अस्पृश्यतेचा अपमान ओळखला. पाठीवरचे वळ मोजले. पण ज्या माणसाची झोप महिनोन्‌महिने उडाली आहे, ज्याची छाती कारण नसताना धडधडते, ज्याला नसलेले आवाज ऐकू येतात, ज्याच्याने सकाळी अंथरुणातून उठवत नाही, त्याची वेदना आपण निराळी ओळखली काय? ओळखली नाही, असे माझे मत आहे. ही उणीव वाङ्मयापुरती राहिलेली नाही, ती माणसांच्या जिवावर बेतते आहे, हे मला येथे मांडावयाचे आहे.

: १ :

प्रश्न केवढा आहे ते आधी पाहू. बंगळूरच्या 'निम्हान्स' या संस्थेने २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. पाहणीच्या वेळी प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार होता. आयुष्यात केव्हातरी असा विकार होऊन गेलेल्यांचे प्रमाण १३.७ टक्के निघाले. उपचाराची गरज असून उपचार न मिळालेले लोक विकारागणिक ७० ते ९२ टक्के होते. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता. तरी ढोबळ हिशेब करण्यास हरकत नाही. जयंतीच्या सभेला दोनशे मोठी माणसे बसली असतील तर त्यांतली वीसएक आजारी आहेत आणि त्या विसांपैकी निदान चौदा-पंधरांवर काहीही उपचार चाललेला नाही. हा सरासरीचा हिशेब झाला. आपल्या वस्त्या सरासरीच्या वस्त्या नव्हेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत केलेल्या एका पाहणीची आकडेवारी घेऊन आशीष गुप्ता आणि डायान कॉफी यांनी २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सवर्ण हिंदूंच्या मानाने दलित आणि मुसलमान माणसे उदासी आणि चिंता अधिक सांगतात, आणि दोहोंतला फरक निव्वळ गरिबीने किंवा कमी शिक्षणाने उलगडत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे पोट भरले, पदवी मिळाली, नोकरी लागली, तरी काहीतरी मागे उरते. घरात पहिल्यांदा शिकलेल्या आपल्या पिढीतल्या मास्तरांना, कारकुनांना, परिचारिकांना हे सांगावयास नको.

असे असूनही 'आमच्या नात्यागोत्यात असले काही नाही' हे वाक्य सर्रास ऐकू येते. ते खोटेपणाने म्हटले जाते असे नाही. आजाराला आपण आजाराचे नावच देत नाही. आपल्या बोलीत लक्षणांना शब्द भरपूर आहेत. जीव रमत नाही, मनाला थारा नाही, हातपाय गळून जातात, डोके गच्च होते, काळजात लकाकते. बाहेरचे झाले, वारे लागले, करणी केली, ही कारणेही तयार आहेत. थोडे शिकलेल्या घरात 'टेन्शन' आणि 'बी.पी.' हे शब्द येतात. आणि मग एकदम 'वेडा'. या दोन टोकांच्या मध्ये काहीच नाही. जो अजून कामावर जातो तो बरा, जो रस्त्यावर कपडे फाडतो तो वेडा. आणि त्याला 'येरवड्याला धाडा', 'ठाण्याला पाठवा' म्हणून हसण्यावारी न्यावयाचे. या गावांत माणसे बरी होण्यासाठीही जातात, हे आपल्या विनोदाला ठाऊक नसते.

लपवण्यामागे कारणेही सबळ आहेत. बहिणीचे लग्न मोडेल. कंत्राटदार उद्यापासून येऊ नको म्हणेल. राखीव जागेवर लागलेल्या माणसाला निराळीच भीती असते : आजार सांगितला तर 'यांची लायकी नव्हतीच' या वाक्याला आपण आपल्या हाताने पुरावा दिला असे होईल. ज्या समाजाच्या प्रत्येक चुकीचा जमाखर्च दुसरे मांडत बसलेले असतात, त्या समाजातला माणूस आपले मोडलेपण उघडे करीत नाही. तेव्हा हे लपवणे अडाणीपणाचे आहे असे म्हणून भागणार नाही. तो स्वसंरक्षणाचा एक महागात पडणारा मार्ग आहे.

: २ :

आता आपली पुस्तके उघडू. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' हे १९८६ साली ग्रंथरूपाने आलेले आत्मकथन मी गेली काही वर्षे वर्गात शिकवते. आषाढातल्या देवकार्यांची, बायकांच्या अंगात येण्याची वर्णने त्यात विस्ताराने आली आहेत. सासुरवासाचीही आहेत. छळाला कंटाळून पळणाऱ्या सुनेच्या पायात लाकडी खोडा अडकवला जाई, हे त्यांनी निष्ठुर तपशिलाने लिहिले आहे. समीक्षेने या भागाचे वाचन दोन प्रकारे केले : एक, अंधश्रद्धेचे चित्रण; दोन, दलित स्त्रीच्या दुहेरी शोषणाचे चित्रण. दोन्ही बरोबर आहेत. परंतु याच पानांवर तिसरी एक गोष्ट आहे.

कोवळ्या वयात लग्न झालेली, भुकेलेली, मारहाण सोसणारी, जिची मुले जन्मताच दगावतात अशी ही पोर वर्षभर मुकी असते. अंगात आल्यावर ती घुमते, ओरडते, मागणे मागते; आणि ज्या घरात तिला कोणी विचारीत नाही त्या घराला ते ऐकून घ्यावे लागते. हे ढोंग नव्हे आणि देवही नव्हे. सहन करण्याच्या पलीकडे गेलेल्या मनाला त्या समाजाने मान्य केलेली ती एकमेव वाट होती. आजाराला तिथे देवीचे नाव होते. आणि देवीचे नाव असल्यामुळे तो चारचौघांत आणता येत होता.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण ही देवी सोडली. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांनी घरातले देव्हारे गेले, पोतराज गेला, अंगारा गेला. या मुक्तीचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. एरवाडीचे उदाहरण पुरेसे आहे. तामिळनाडूतल्या या दर्ग्याच्या गावी ६ ऑगस्ट २००१ रोजी एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. खोडा आणि साखळदंड एकाच जातीचे असतात. श्रद्धेच्या नावावर आजारी माणसाचे काय होते, हे आपण विसरता कामा नये. परंतु देवी गेली तेव्हा तिच्या जागी डॉक्टर आला नाही, हेही तितकेच खरे आहे. अंगात येणे लाजिरवाणे ठरले; पण ज्या यातनेतून ते येत होते ती यातना संपली नव्हती. ती चव्हाट्यावरून उठली आणि दाराआड गेली. बौद्ध घरातल्या बाईला आता घुमता येत नाही आणि दवाखान्यातही जाता येत नाही. ती उपाशी राहते, न बोलता भांडी घासते, किंवा आठ दिवस माहेरी जाऊन झोपून काढते. घरातले म्हणतात, 'तिचा स्वभावच तसा आहे.'

वर्गात हा भाग झाला की तास संपल्यावर मुली रेंगाळतात. एकेक करून बोलतात. 'मॅडम, माझी चुलती अशीच आहे.' एखादा मुलगा सांगतो, कंपनी बंद पडल्यापासून दादा बोलतच नाहीत, दारू पितात आणि भिंतीकडे बघत बसतात. एकजण विचारतो, या गोळ्या एकदा सुरू केल्या की जन्मभर घ्याव्या लागतात काय? प्रत्येकाला वाटत असते की हे आपल्याच घरात आहे. शेजारच्या बाकावरच्याला तो ते सांगत नाही. शेजारचाही दुसऱ्या दिवशी तेच सांगावयास आलेला असतो.

बेबीताईंविषयी आणखी एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. आपले लेखन त्यांनी सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. २००८ साली आलेल्या इंग्रजी अनुवादाला माया पंडित यांनी घेतलेली त्यांची मुलाखत जोडलेली आहे. नवऱ्याच्या संशयाविषयी, मारहाणीविषयी त्या तिथे बोलतात. मूळ पुस्तकात मात्र त्यांनी ते आणलेले नाही. सगळ्याच बाया सोसत असताना आपले एकटीचे काय सांगावयाचे, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर आहे. या उत्तरापुढे मान लवते. तरी समीक्षकाने येथे थांबले पाहिजे. समूहाच्या दुःखाला वाट मिळावी म्हणून एका बाईने आपले दुःख बाजूला ठेवले. असे किती जणांनी ठेवले असेल? 'आम्ही' हे दलित आत्मकथनाचे सामर्थ्य आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. पण आजार 'आम्हां'ला होत नाही, तो एकेकट्याला होतो. 'आम्ही'च्या आवाजात तो बुडून जातो.

: ३ :

दया पवार यांच्या 'बलुतं'ची (१९७८) रचना सर्वांना परिचित आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकच माणूस बोलतो आणि ऐकतो. या दुभंगाविषयी आपल्याकडे लिहिले गेले ते बहुधा सांस्कृतिक अंगाने : गाव आणि शहर, महारवाडा आणि पांढरपेशे जग यांत सापडलेला नवशिक्षित दलित. हे वाचन योग्यच आहे. मात्र दुभंग ही कल्पना म्हणून वाचणे सोपे असते. 'बलुतं'मध्ये वडिलांचे दारूपायी झिजणे आहे. सईविषयीचा संशय आहे, त्यापायी मोडलेला संसार आहे. आपण जे वागलो त्याची आतल्या आत कुरतडणारी टोचणी आहे. दगडू आपले सांगणे दया पवारांपाशी का सांगतो? कारण त्याला ते दुसऱ्या कोणापाशी सांगता येत नाही. ऐकणारा माणूस त्याने स्वतःतूनच काढला आहे. हे निदान नव्हे. मेलेल्या लेखकाचे निदान करणे हा समीक्षेचा धंदाही नव्हे. परंतु एकटेपणाची ही पातळी आपण शैलीचे वैशिष्ट्य म्हणून नोंदवली आणि पुढे गेलो, हे म्हटल्यावाचून राहवत नाही.

उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) आई सारखी टोपल्या विणीत असते. नवरा गेला, मुलगा गेला, आणि हात चालूच. श्रमाचे प्रतीक म्हणून हे विणणे आपण वाचतो. ते श्रमच आहेत. त्यांवर घर चालते. शोक करावयास ज्या बाईला एक दिवसाची रजा नाही, त्या बाईचा शोक हाताच्या हालचालीत कसा शिरतो, हेही त्या चित्रात आहे. 'दलित स्त्री कणखर असते' हे आपले आवडते विधान त्यामुळे तपासून घ्यावे असे वाटते. कणखर म्हटले की तिला काय होते आहे ते विचारण्याची जबाबदारी संपते.

याच्या उलट टोकाला आपण पुरुष कलावंताची स्वतःला जाळून घेण्याची वृत्ती डोक्यावर घेतली. पिणारा, भांडणारा, घर उधळणारा कार्यकर्ता-कवी हा 'कलंदर' ठरला. मल्लिका अमर शेख यांनी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) लिहून या कलंदरपणाची किंमत घरात कोण मोजते ते सांगितले. ते पुस्तक चर्चेत राहिले ते एका मोठ्या कवीच्या संसाराची हकिगत म्हणून. सततच्या ताणात राहणाऱ्या बाईच्या मनाचा दस्तऐवज म्हणून ते आज पुन्हा वाचले पाहिजे. आणि स्वतंत्रपणे हेही विचारले पाहिजे की आपल्या चळवळीत पन्नाशीच्या आत दारूने संपलेल्या कार्यकर्त्यांपैकी किती जणांना आपण वेळीच 'तुला बरे नाही, चल दवाखान्यात' असे म्हटले? शोकसभा मात्र आपण मोठ्या घेतल्या. गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराला वासाने शुद्ध हरपू नये म्हणून प्यावी लागते, हे कळण्याइतकी समज आपल्याला आहे. तीच समज चळवळीतल्या पिणाऱ्या माणसापर्यंत आपण नेत नाही.

प्रस्थापित मराठी जगात या विषयावर काही चांगले काम झाले आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) हा स्किझोफ्रेनियावरचा चित्रपट मी विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवते. आजारी माणसाकडे माणूस म्हणून पाहावयास तो शिकवतो. तथापि तो पाहताना आपल्या मुलांच्या मनात एक प्रश्न येतोच. शेषजवळ कोकणातली जमीन आहे, देवराई आहे, त्याला घरी घेऊन जाणारी बहीण आहे, तिच्या घरात त्याच्यासाठी जागा आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहत असतील आणि त्यांतल्या एकाला आवाज ऐकू येऊ लागले, तर काय होते? रात्रपाळीहून आलेल्या बापाने झोपावयाचे कोठे? ही गोष्ट सांगण्याची जबाबदारी 'देवराई'ची नव्हती, ती आपली आहे. आपण ती अजून पुरेशी सांगितलेली नाही.

: ४ :

येथे एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मनाचा आजार म्हटला की जात नाहीशी होते. रोहित वेमुला याने १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात जीव दिला. त्याच्यावरची निलंबनाची कारवाई, बंद झालेली विद्यावृत्तीची रक्कम, वसतिगृहातून बाहेर काढलेले त्याचे सामान, हे सर्व देशासमोर होते. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती रूपनवाल आयोगाने मात्र कारण त्याच्या वैयक्तिक वैफल्यात शोधले. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी ही तडवी भिल्ल समाजातली पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉक्टर गेली. छळाचा आरोप तीन वरिष्ठ डॉक्टरांवर ठेवण्यात आला. अशा प्रत्येक मृत्यूनंतर 'ती मनाने कमकुवत होती', 'त्याला डिप्रेशन होते' हे वाक्य कोणीतरी पुढे सारतोच. त्या वाक्याचा अर्थ इतकाच असतो : आमचा काही संबंध नाही.

मग आपली बाजूही हट्टाला पेटते. आपण म्हणतो, तो आजारी नव्हताच, ही संस्थेने केलेली हत्या आहे. लढ्यासाठी हे म्हणणे मला समजते. पण या दोन वाक्यांच्या चिमट्यात कोण सापडतो ते पाहा. वसतिगृहाच्या खोलीत आज बसलेला जिवंत विद्यार्थी सापडतो. 'मला काहीतरी होते आहे' असे त्याने म्हटले तर प्रशासन म्हणेल, बघा, कमकुवत. आपले लोक म्हणतील, असले बोलून चळवळीला कमीपणा आणू नको, लढ. त्याला तिसरे वाक्य उपलब्ध नाही. तो गप्प राहतो.

ते तिसरे वाक्य घडवणे हे आज आपल्या लेखकांचे आणि समीक्षकांचे काम आहे. ते असे असावे : जातीने मला आजारी केले आहे, मी खरोखरच आजारी आहे, मला न्यायही हवा आणि औषधही हवे. यात विसंगती काहीही नाही. दगडाच्या खाणीत छातीत धूळ भरून कामगाराला सिलिकोसिस होतो. म्हणून आपण त्याला रोगी म्हणत नाही काय? रोगी म्हटल्याने खाणमालक सुटतो काय? उलट छातीचा फोटो हाच मालकाविरुद्धचा पुरावा असतो. मनाच्या बाबतीतही हेच व्हावयास हवे. १९३६ सालच्या 'जातिसंहार' या भाषणात बाबासाहेबांनी जातीचे ठाणे माणसाच्या मनात दाखवले, ते जात पाळणाऱ्यांच्या मनाविषयी होते. जात सोसणाऱ्याच्या मनात ती काय करून ठेवते, हा त्याच विचाराचा पुढचा भाग आहे आणि तो लिहिणे आपल्यावर आहे.

वैद्यकावरही डोळे झाकून विश्वास ठेवा असे मी म्हणत नाही. आडनाव ऐकून सूर बदलणारा डॉक्टर आपण पाहिलेला आहे. ऑफिसात होणारी कुचंबणा सांगितली की 'तुम्ही फार मनाला लावून घेता' असे म्हणणारा समुपदेशकही पाहिला आहे. जातीविषयी एकही प्रश्न न विचारता आपल्या माणसाचे मन समजत नसते, हे त्या व्यवसायाला शिकवावे लागेल. त्यासाठी कायदा हाताशी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, शासनाच्या खर्चाने चालणाऱ्या सेवेत मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला. त्यात भेदभाव होऊ नये म्हणून जे आधार नोंदवले त्यांत जातीचा शब्दशः उल्लेख आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखाली असलेला माणूस मानावे, असेही तो कायदा सांगतो. रेशनसाठी, शिष्यवृत्तीसाठी आपण मोर्चे काढले. तालुक्याच्या दवाखान्यात मानसोपचाराची औषधे मिळत नाहीत म्हणून निघालेला आपला मोर्चा मी अजून पाहिलेला नाही.

: ५ :

'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेबांनी किसा गोतमीची गोष्ट घेतली आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या या बाईला लोकांनी वेडी ठरवले. बुद्धाने तिला मूठभर मोहरी आणावयास सांगितली, मात्र ज्या घरात कोणी मेलेले नाही अशा घरातून. विहारात ही गोष्ट मरणाची अटळता समजावण्यासाठी सांगितली जाते. मला तीत दुसरेही काही दिसते. ती घरोघर गेली आणि प्रत्येक घराला तिला आपले दुःख सांगावे लागले. तोपर्यंत ते दुःख प्रत्येकाने आपल्या उंबऱ्याआत ठेवले होते. हाकलून दिल्याने ती शुद्धीवर आली नाही, आणि मंत्राने तर नाहीच. इतरांचे ऐकत ऐकत ती शुद्धीवर आली. मनाचा आजार नाही अशा घरातून मोहरी आणावयास आज कोणी निघाला, तर आपल्या वस्तीतून तो रिकाम्या हाताने परतेल, याची मला खात्री आहे.

तेव्हा समीक्षकांना माझी विनंती आहे की आपली आत्मकथने पुन्हा एकदा वाचावीत. जेथे जेथे 'वेदना' लिहून आपण पुढे गेलो तेथे थांबून विचारावे, या माणसाला नेमके काय होत होते, आणि त्याच्या आजूबाजूच्या माणसांनी काय केले? लिहिणाऱ्या मुलामुलींना सांगणे आहे की समूहाची गोष्ट आपल्या थोरांनी लिहून ठेवली आहे, तिच्या आधारावर आता एकट्याची गोष्ट लिहावयास भ्यावयाचे कारण नाही. गप्प बापाची गोष्ट लिहा, भिंतीकडे तोंड करून झोपणाऱ्या आईची लिहा, गोळ्या लपवून घेणाऱ्या भावाची लिहा. त्यात त्याचे नाव झाका, आजाराचे झाकू नका.

कार्यकर्त्यांनी जयंतीच्या वर्गणीतून एक दिवस मानसोपचार तज्ज्ञाला वस्तीत आणावे. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेलि-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक वाचनालयाच्या फळ्यावर लिहून ठेवावा. वसतिगृहात नव्या आलेल्या मुलाला आपण पहिल्या दिवशी विचारतो, कोणत्या गावचा, कोणत्या विषयाचा, अर्ज भरला काय, शिष्यवृत्ती आली काय. त्यातच आणखी एक प्रश्न घालावा : झोप लागते काय रे? आणि त्याने नाही म्हटले तर भाषण करू नये. त्याच्याजवळ बसावे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर दवाखान्याच्या रांगेत उभे राहावे.